पासिंगच्या आधी एक संध्याकाळ गाडीला द्या

मा. संपादक,

आमच्या गाडीला १५ वर्षं झाली म्हणून परत पासिंगला नेली आणि पहिल्या फेरीत फेल, कारण काय तर मागच्या नंबरप्लेटचा दिवा लागत नव्हता आणि डाव्या बाजूचा ब्रेक लाईट गेलेला. गाडी चालवणाऱ्याला मागचा दिवा दिसतच नाही, पण मागून येणाऱ्याला तोच दिसतो ना! बल्ब किरकोळ किमतीचे, पण अख्खा दिवस वाया गेला आणि परत रांग.

म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगतो, आदल्या दिवशी अंधार पडल्यावर घरातल्या कुणालातरी ब्रेक दाबायला बसवा आणि स्वतः मागे उभं राहून सगळे दिवे, इंडिकेटर, रिव्हर्स लाईट बघा, हॉर्न वाजवा, वायपर पाणी मारून चालवा, रबर कडक झालं असेल तर लगेच बदला. हँडब्रेक चढावर धरतो का बघा. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिमीपेक्षा कमी चालत नाही, आणि पावसात गुळगुळीत टायर म्हणजे जिवाशी खेळ. पीयूसी, इन्शुरन्सच्या तारखापण बघून ठेवा.

आरटीओने ही यादी अपॉइंटमेंटच्या मेसेजसोबतच मराठीत पाठवावी, एवढी विनंती.

— एक वाचक, नाशिक