आजीच्या तसबिरीखालची तारीख

पुणे,
5 एप्रिल 2026

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आजीच्या वर्षश्राद्धासाठी तसबीर तयार करायला दिली असून तिच्याखाली आधार कार्डावरची ‘1-1-1938’ हीच जन्मतारीख घालायची ठरली आहे, असे बाबांनी परवा फोनवर सांगितले. तेव्हा मी हो म्हटले, पण दोन रात्री मला त्या तारखेने झोप लागू दिली नाही. फोनवर हे नीट मांडता येणार नाही, म्हणून पत्र लिहीत आहे.

बाबा, आपल्या थोरल्या आत्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मसाल 1949 आहे. कार्डावरची तारीख खरी मानली, तर आजी अकराव्या वर्षी आई झाली आणि आठव्या वर्षी बोहल्यावर चढली असे होते. तुम्ही छत्तीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतात. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या पोरांपुढे जनरल रजिस्टरात 1 जून कसा लिहिला जातो, हे तुमच्याइतके कोणाला माहीत असणार? तुमचा स्वतःचा वाढदिवसही तोच. आजीचा 1 जानेवारी तसाच, कुणीतरी चेहरा पाहून अंदाजाने टाकलेला आहे.

आजीला सन ठाऊक नव्हते, पण काळ ठाऊक होता. ती कुंडलकडची लेक. तिच्या लहानपणी त्या भागात इंग्रजांना न जुमानणाऱ्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा अंमल होता आणि तिच्या वडिलांच्या शेतात भूमिगत कार्यकर्ते मुक्कामाला असत. भाकरीची दुरडी डोक्यावर घेऊन, वर शेणाच्या गोवऱ्या रचून ती रानात जायची, हे तिने मला किती वेळा सांगितले असेल! “शेणोलीला रेल्वेचा पगार लुटला, त्या मिरगाला मला तेरावं सरून चौदावं लागलं,” हे तिचे वाक्य मी जसेच्या तसे वहीत लिहून ठेवले आहे. शेणोलीची ती घटना 7 जून 1943 ची, म्हणजे नेमकी मृग निघण्याच्या दिवसाची. आजीचा जन्म त्यामुळे 1930 च्या मृगातला ठरतो.

लग्नाचेही तसेच. नाना पाटील भूमिगत अवस्थेतून उघडपणे लोकांसमोर आले त्या साली, म्हणजे 1946 मध्ये, हुंडा-मानपान न करता दोन सुताच्या हारांवर तिचे लग्न लागले. अशा लग्नांना तिकडे गांधी विवाह म्हणत. उसाच्या आणि पाण्याच्या मुलखातून ती माणदेशात आली. पहिल्याच उन्हाळ्यात पाण्यासाठी कोसभर चालताना ती रडली होती, पण माहेरी त्यातले काहीही कळवले नाही, हे तिने फक्त आईला सांगितले होते आणि आईने मला.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजोबा मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात होते. तिने चारही मुलांना घोंगड्यासकट ओढून अंगणात काढले आणि मग पुन्हा आत जाऊन गाईचे दावे सोडले. बाबा, तुम्ही तेव्हा सात वर्षांचे होतात, तुम्हाला त्या गाईचे हंबरणे अजून आठवते. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली. कामावर मिळणारी सुकडी ती स्वतः न खाता पदराच्या गाठीत बांधून घरी आणायची आणि रात्री मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकरीबरोबर तुम्हा भावंडांना वाटून द्यायची.

त्या खडीची एक खूण शेवटपर्यंत तिच्या हातावर होती. हातोडा बसून डाव्या अंगठ्याचे नख मधोमध फाटले ते पुन्हा कधी जुळले नाही. दोन फाकी होऊनच वाढत राहिले. लहानपणी मी चुलीपाशी बसून तेच नख बघत असे. हुलग्याचे माडगे करताना ती पीठ पाण्यात कालवायची, बोटांनी गुठळी हुडकायची आणि त्या दुभंगलेल्या नखाच्या खाचेत धरून ती अचूक फोडायची. माडग्यात एक गुठळी राहिली तरी तिला चालत नसे. आई, तू इतकी वर्षे तिच्याच हाताखाली शिकलीस, तरी तुझ्या माडग्यात गुठळी राहते, हे ती तुला हसून म्हणायची आणि दुसरी वाटी मागून घ्यायची.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्ष उलटले तेव्हा आजोबा ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचेच. त्या दिवसापासून घर तिने चालवले असे आपण म्हणतो, पण मला ते पटत नाही. घर ती आधीपासूनच चालवत होती, मुंबईची मनिऑर्डर फक्त बंद झाली. तुमच्या डी.एड.साठी विकलेल्या शेळ्यांचा हिशेब तिने त्याआधीच कुणाला न सांगता मिटवला होता.

उरमोडी धरणाचे पाणी माण तालुक्यात आले तेव्हा आपण तिला कालव्यावर नेले होते, ते मी कधीही विसरणार नाही. तिने चप्पल काढली, हळद-कुंकू वाहिले, खणा-नारळाने पाण्याची ओटी भरली आणि काठावर बसून पाय आत सोडले. बराच वेळ ती काहीही बोलली नाही. मग “उशीर केलास बाई,” असे ती पाण्याला म्हणाली.

आई, शेवटची दोन वर्षे ती अंथरुणावर होती. तिची कूस बदलणे, वेणी घालणे, तिला माडगे भरवणे हे सारे तू एकटीने केलेस. तिच्या पाठीला एकदाही जखम झाली नाही. तुझे गुडघे दुखतात हे ठाऊक असूनही मी सुट्टी काढून आले नाही, याचे दुःख मला आहे आणि ते तुला सांगितल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही.

गेल्या वैशाखात ती गेली तेव्हा तिला पंच्याण्णवावे वर्ष चालू होते. कार्डाने तिची जी आठ वर्षे काढून घेतली, त्यातच भाकरीची दुरडी घेऊन रानात जाणारी ती मुलगी आहे. बाबा, सरकारी कागदांवर आहे ते राहू द्या. तसबिरीखाली मात्र ‘जन्म : मृग नक्षत्र, 1930’ असे लिहून घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. फ्रेमवाल्याला पुन्हा पैसे द्यावे लागले तर ते मी देईन.

मी श्राद्धाच्या चार दिवस आधी येत आहे. हुलगे भाजून ठेवू नकोस आई, आल्यावर मी भाजीन. थोरल्या आत्यालाही बोलावून घ्या. स्वतःच्या लग्नात अंगावर कोणते लुगडे होते, हे आजीने तिला कधी सांगितले होते का, ते विचारायचे राहिले आहे.

आपली,
धाकटी लेक