दुसऱ्या बोटीचं काय ते सांगतो

देवबाग, आषाढातला मंगळवार, लाइट नाही

प्रिय पक्या,

पंधरा लाख मी टाकतो, गिऱ्हाईकांना मासे गरवायला न्यायला दुसरी बोट घेऊ, असा तुझा तो लांबलचक मेसेज आणि एक्सेल शीट येऊन आठ दिवस झाले आणि मी नुसता अंगठा दाखवून गप्प बसलो, म्हणजे तू भडकला असणारच. फोन करणार होतो पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे वहिनीपण सांगेल. आज सकाळपासून पाऊस असा लागलाय की समोरची माडाची रांग दिसत नाही, एकीकडे समुद्र गरजतोय, दुसरीकडे कर्ली नदी तांबडी होऊन वाहतेय आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आम्ही देवबागकर नेहमीसारखे बसलोय. बोट मागच्या परड्यात झापांखाली, दोन्ही इंजिनं उतरवून पडवीत, आई येता-जाता त्यांना धडकते आणि माझा उद्धार करते. लिहायला यापेक्षा चांगला दिवस मिळणार नाही.

तर पहिल्यांदा शीट. रागवू नकोस पण 'दिवस' च्या रकान्यात तू २४० लिहिलंयस ते बघून मी आणि बायको दोघं हसलो. गेल्या सीझनला माझ्या ट्रिपा झाल्या ७१. वहीत मोजून ७१, आणि हा चांगला सीझन होता बरं का. बाकीचे दिवस कुठे गेले ते सांगतो म्हणजे तुझं गणित तूच करशील.

मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, हे तुला माहिती होतं. पण आपली बोट पॅसेंजर बोटीत मोडते, त्यामुळे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि वॉटरस्पोर्टवाल्यांबरोबर आपणही मेच्या शेवटच्या आठवड्यातच वर येतो ते थेट १ सप्टेंबरपर्यंत. सव्वातीन महिने इथेच गेले. नारळी पौर्णिमेला नारळ टाकला की गावातल्या होड्या हळूहळू पाण्यात जायला लागतात, मी नुसता किनाऱ्यावर उभा राहून बघतो.

सप्टेंबरमध्ये लोक फोन करतात, सीझन चालू झाला ना दादा? झाला बाबा कागदावर, पण पाणी अजून चहासारखं, नदीची सगळी माती समुद्रात, खाली जिग (शिशाचा खोटा मासा) टाकला तर माशाला काय दिसणार. आणि खरी भानगड संगमावर, नदी समुद्राला मिळते तिथे. ओहोटीचं पाणी कर्लीतून जोरात बाहेर येतं, समोरून पावसाळ्याची उरलेली फुगोटी आत येते, दोघं वाळूच्या दांड्यावर भेटले की लाट उभीच्या उभी राहते. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटतं चार लाटा तर आहेत. त्यामुळे सप्टेंबरमध्ये जायचं-यायचं ते भरतीच्या टायमाला, म्हणजे दिवस आपला नाही, भरतीचा. पाच-सहा ट्रिपा होतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र काय सांगू तुला. पाणी निवळतं, वारा पडलेला असतो, निवतीच्या दीपगृहाच्या खडकांभोवती पांढरा फेस आणि त्या फेसात कोकर उभा असतो. जीटी जीटी (जायंट ट्रेवली) म्हणून मुंबई-बंगलोरची पोरं ज्याच्यासाठी वेडी झालेली असतात तो हाच आपला कोकर, आपण लहानपणी जाळ्यात आला तर नाक मुरडायचो. पॉपर (पाण्यावर आवाज करणारा खोटा मासा) टाकून दोन झटके दिले की मागून पाणी फुगतं, मग बादली आपटल्यासारखा आवाज, आणि लाखाच्या आसपासची रील किंचाळायला लागते. पहिल्या वीस सेकंदांत त्याचं तोंड खडकाकडून वळवायचं, नाहीतर शंभर पौंडाचा लीडर (गळाजवळची जाड तंगूस) दोऱ्यासारखा कापला जातो. मी तेव्हा स्टेअरिंगवर असतो, एक हात थ्रॉटलवर, खडक आणि बोट यांच्यामधे एक लाट ठेवायची, मासा पकडणाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. हे काम मला आवडतं रे. कसं सांगू, पोटातून आवडतं.

पण याच दोन महिन्यांत वादळंपण येतात. २०१९ ला ऑक्टोबरच्या शेवटी क्यार आलं, ते जाईपर्यंत त्याच्या पाठी महा. ऐन दिवाळीचा मोसम, बुकिंगं फुल, आणि बंदरावर धोक्याचा बावटा. त्या वर्षी मी नुसते पैसे परत करत बसलो होतो.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, जॅकेट घालून निघायचं, बाहेर पक्षी घिरट्या घालताना दिसले की समजायचं खाली कुपा उसळतोय. हे दिवस पण चांगले, फक्त नाताळात गिऱ्हाईक बदलतं. फिशिंग म्हणून बुक करतात आणि बोटीवर आल्यावर विचारतात डॉल्फिन कुठेत. अर्धे उलट्या करतात, अर्धे रील करतात (इन्स्टाची, मासेमारीची नव्हे). फेब्रुवारी-मार्चला दुपारचा वायव्येचा वारा उठतो, मग पाचला निघून बाराच्या आत घरी. एप्रिल ते अर्धा मे परत चांगलं पाणी, जिगिंगला तांबोसा, गोबरा, कधी एखादा मोडसो, पण तेव्हा ऊन असं की बोटीच्या फायबरवर पाय ठेववत नाही. आणि २०२१ च्या मे मध्ये तौक्ते काय करून गेलं ते तू टीव्हीवर बघितलंस, मी इथे बघितलं.

यातून उधाण वजा कर. अमावस्या-पौर्णिमेला करंट असा ओढतो की दीडशे ग्रॅमचा जिग तळाला पोचायच्या आत बोट पुढे गेलेली असते, उघड्यावर जिगिंग करायचं तर अष्टमीच्या बाजूचे भांगाचे दिवस बरे. गिऱ्हाईकाला मात्र शनिवार-रविवार पाहिजे. अष्टमी आणि शनिवार एकत्र आला की मला सण वाटतो.

आता आंग्रिया बँक. तू शीटमध्ये वेगळा टॅब केलायस, 'प्रीमियम'. अरे तो विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत. कान्होजी आंग्र्यांचं नाव असलेला, पाण्याखाली वीस मीटरवर प्रवाळांचा माळ, मलाही जायचंय तिथे मरायच्या आधी एकदा. पण जायला तीन तास, यायला तीन तास ते समुद्र शांत असला तर, मोबाइलला रेंज नाही, व्हीएचएफवर (बोटीच्या वायरलेसवर) सोळा नंबरला हाक मारली तरी ऐकणारी बोट जवळ असेल याचा भरवसा नाही. तिथे गिऱ्हाईक न्यायचं तर झोपायची सोय असलेली बोट, दोन तांडेल (बोट चालवणारे), सॅटेलाइट फोन. पंधरा लाखात नाही रे होत ते.

पेट्रोल तू धरलंयस पण कमी धरलंयस. जाऊन येऊन, मधे ड्रिफ्टला, म्हणजे बोट नुसती वाहू देताना, इंजिन बंद ठेवूनसुद्धा दिवसाला शंभर-सव्वाशे लिटर जातं, आणि मच्छीमारांना डिझेलचा परतावा मिळतो तसला आपल्याला काही नाही. खलाश्याचा पगार पावसातपण द्यावा लागतो, नाहीतर तो सप्टेंबरला गोव्यात असतो.

आता खरी गोष्ट. ही मी कुणाला सांगितलेली नाही, घरी पण अर्धीच माहितीये.

पहिल्या वर्षी बोटीचं लोन होतं ना. फेब्रुवारीचा शेवट, हप्ता तीन दिवसांवर, खात्यात सात हजार. चार जणांचा ग्रुप आला होता, पुण्याचे, चांगली माणसं. आदल्या रात्री इन्कॉइसचा (सरकारी समुद्र-हवामान संस्थेचा) अंदाज बघितला, विंडी हे वाऱ्याचं ॲप बघितलं, दोन्हीकडे दुपारनंतर वारा. बावटा नव्हता, म्हणजे कुणी अडवलं नसतं. नेहमी असतं तर मी अकराला परत फिरलो असतो. त्या दिवशी मासा लागत नव्हता, आणि मनात एकच की काहीच लागलं नाही तर हे कमी पैसे देतील, म्हणून अजून एक ड्रिफ्ट, अजून एक ड्रिफ्ट असं करत दोन वाजवले. परत येताना संगमावर पोचलो तर ओहोटी भरात, वर वायव्येचा वारा, लाट उभी. बाहेर थांबून भरतीची वाट बघायला पाहिजे होती. पण पेट्रोल तळाला गेलेलं, तेपण मी पैसे नव्हते म्हणून कमी भरलेलं. घुसलो. अर्ध्यात असताना डाव्या इंजिनाने खोकून मान टाकली, पेट्रोलात पाणी होतं. बोट आडवी झाली. मागून लाट आली ती आख्खी आत. त्यातला एक जण रेलिंगवर आपटला, खांदा निखळला. उजव्या इंजिनावर कशीबशी सरळ केली आणि पुढच्या लाटेने आम्हाला आतल्या बाजूला फेकलं म्हणून वाचलो. मी वाचवलं नाही, लाटेने फेकलं. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातलेली होती एवढं एकच मी नीट केलं होतं.

त्या माणसाने दवाखान्यात माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. उलट म्हणाला, तुम्ही किती शांतपणे बोट आणलीत. पक्या, माझे पाय लटलट थरथरत होते, त्याला ते दिसले नाहीत इतकंच. चार दिवस मी भात खाऊ शकलो नाही.

लोन फिटलं गेल्या मार्चला. आणि खरं सांगू, तेव्हापासून मी चांगला कॅप्टन झालोय. सकाळी साडेचारला किनाऱ्यावर जाऊन पाच मिनिटं नुसतं ऐकतो आणि नको वाटलं तर चौघांना तोंडावर सांगतो, आज नाही, पैसे परत, चहा पिऊन झोपा. गेल्या सीझनला असं अकरा वेळा केलं. एका ग्रुपने गूगलवर एक स्टार दिला, लिहिलं की समुद्र तर शांत दिसत होता. दिसणारच, ते किनाऱ्यावर होते. तुझी दुसरी बोट आली की तिचा हप्ता पण येणार, आणि ती मी नाही तर दुसरा कुणीतरी चालवणार, पगारावर, आणि संध्याकाळी मी त्याला विचारणार की आज का नाही गेलास. तो माणूस व्हायची मला भीती वाटते. तू विचारणार नाहीस असं म्हणशील. मी विचारेन ना.

अजून एक लफडं जे शीटमध्ये येत नाही, ते म्हणजे गाव. आपली माणसं आधीच वैतागलेली, पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवाले आणि एलईडीच्या उजेडावर मासे गोळा करणारे बाहेरून सगळं ओढून नेतायत, त्यात मी लोकांकडून पैसे घेऊन त्यांना मासे पकडायला नेतो. एकदा गिऱ्हाईकाचा जिग कुणाच्यातरी जाळ्यात अडकला, तो चार हजाराचा जिग सोडवायला जाळं कापायला निघाला होता, मी त्याची दोरीच कापली. संध्याकाळी जाळंवाल्याच्या घरी जाऊन सांगून आलो. एक बोट आहे तोवर हे जमतं. माणशी एकच मासा घरी, बाकी सोडायचे, हा नियमही जमतो कारण मी स्वतः बोटीवर असतो. गोबऱ्याचं तुला सांगितलं होतं का, तो जन्मतो मादी आणि मोठा झाला की नर होतो, म्हणजे मोठेमोठे सगळे मारले तर उरलेल्या बायकांनी करायचं काय. चाळीस मीटरवरून वर आणला की हवेने पोट फुगून तो तरंगत राहतो, सोडला तरी खाली जाऊ शकत नाही. मग मी उलट्या गरीला शिसं लावून त्याला परत तळाला पोचवतो आणि हिसका देऊन सोडतो. एक साहेब वीस मिनिटं हुज्जत घालत होते की मी पैसे दिलेत, मासा माझा. पगारी तांडेल असता तर दोन हजार रुपये बघून सोडून दिलं असतं त्याने, आणि मी त्याला दोष पण दिला नसता.

बाबांचं अजून तेच. "गरवूक पैशे देतत, आणि मासो परत सोडतत? खुळे असत काय रे?" गेल्या नोव्हेंबरात ग्रुप आला नाही म्हणून त्यांना घेऊन गेलो, हातात ती महागडी रॉड दिली. तिसऱ्या कास्टला कोकर. बाबा साठीच्या पुढचे, पण अशी झुंज दिली की मी थ्रॉटल विसरलो. मासा बोटीला लागला तेव्हा मी सवयीने म्हटलं, बाबा, फोटो काढतो मग सोडूया. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी मुंबईवरून आलोय. घरी त्याचा तिखला झाला, शेजारी दोन वाटे गेले.

तर पंधरा लाख बँकेत ठेव, वहिनीच्या नावावर ठेवलेस तर जास्त बरं. तुला पैसे टाकायचेच असतील तर मला एक बरं व्हीएचएफ आणि पेट्रोलचा पाणी वेगळं करणारा मोठा फिल्टर घेऊन दे, त्याचे पैसे मी तीन ट्रिपात परत करतो. आणि पंचांग बघून नोव्हेंबरातली अष्टमी काढ, रजा टाक, कोकणकन्येने कुडाळला उतर, मी घ्यायला येतो. गिऱ्हाईक म्हणून नाही, खलाशी म्हणून. संगमावरून बाहेर जाताना पुढे बसून लाटा मोजायचं काम तुझं. उलटीची गोळी आदल्या रात्रीच घे, मागच्या वेळी बोटीवर घेतलीस आणि गोळीच पहिली बाहेर आली होती.

लाइट आली वाटतं. आई इंजिनाला परत धडकली.

तुझाच,
बंड्या