आधी झाडावर चढणाऱ्याला शिकवा

महोदय,

‘पावसाळ्याआधी शहरातले सगळे गुलमोहर काढून टाका’ असे सुचवणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. गाडीवर झाड पडलेला माणूस असेच म्हणणार, त्याचा राग मी समजू शकते. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ, हेही खरे. पण मादागास्करहून आलेले हे झाड नागपुरात पडते, त्यात त्याच्या जातीइतकाच आपलाही हात आहे, आणि त्या हाताला आपण काहीच शिकवलेले नाही.

मी मूळची काटोलकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. कृषी पदवीनंतर बगिचे उभारणाऱ्या एका ठेकेदाराकडे नोकरी केली आणि सध्या वृक्षव्यवस्थापनाच्या ब्रिटिश ‘लेव्हल ६’ डिप्लोमाचा अभ्यास करते आहे. लेव्हल ६ म्हणजे साधारण तिकडच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाची पातळी. झाडाचे शरीरशास्त्र, रोग, माती, बांधकाम, कायदा, धोक्याची पाहणी असे सगळे त्यात येते. “झाड छाटाले एवढं शिका लागते काय वं?” असे आमचे मोठे बाबा दर भेटीत विचारतात.

लागते, मोठे बाबा. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे असते. काप त्या कड्याच्या बाहेर बसला तर झाड जखम आतून बंद करू शकते. अ‍ॅलेक्स शायगो या अमेरिकी शास्त्रज्ञाने असंख्य झाडे उभी चिरून दाखवले, की कुजलेला भाग झाड दुरुस्त करत नाही. ते त्याच्याभोवती भिंत घालते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. खोडाला घासून कापले की ती भिंत मोडते आणि वरून फासलेल्या डांबराचा किंवा गेरूचा काही उपयोग होत नाही. (बाबा बागेत डिंक्यासाठी, म्हणजे संत्र्याच्या खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी, मोरचूद-चुन्याचे बोर्डो मलम लावतात, ती गोष्ट वेगळी. तिथे बुरशी ठाऊक असते आणि औषधही.) जड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून, आणि शेवटी उरलेला खुंट कड्याबाहेरून. तीन काप. नाहीतर फांदी तुटताना खोडाची साल सोलत खाली येते.

आमच्या ले-आउटमध्ये मे महिन्यात एका कडुनिंबाची छाटणी झाली. झाड जवळजवळ बोडके केले. शेंड्याकडच्या जाड फांद्या मधेच तोडल्या, की तिथून झुपक्याने कोंब फुटतात. ते वरवर चिकटलेले असतात, चार-पाच वर्षांत जाड होतात आणि वादळात तेच आधी मोडतात. शिवाय पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, इतकी वर्षे सावलीत असलेली साल एकाएकी उघडी पडते आणि भाजते. हा शेवटचा धडा माझ्या ब्रिटिश पुस्तकांत अर्थातच पातळ आहे.

वर चढलेल्या माणसाकडे कोयता होता आणि कमरेला नायलॉनचा दोर. हेल्मेट नाही, विजेची तार हातभर अंतरावर. खाली उतरल्यावर मी त्याला कड्याचे सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले, बुंध्याशी हात लावून पाहिलासुद्धा. मग म्हणाला, “ताई, बराबर हाये तुमचं. पण आमाले फांद्या भरलेल्या ट्रॉलीमागं पैसे भेटते, कापामागं नाही.” आजवर वाचलेल्या कुठल्याही प्रकरणापेक्षा या वाक्याने मला नागपूरच्या झाडांबद्दल जास्त सांगितले.

मुळांचे तर विचारूच नका. बांधकामाजवळच्या झाडांसाठी ब्रिटनमध्ये २०१२ चे एक मानक आहे. खोडाचा दीड मीटर उंचीवरचा व्यास घ्या, त्याला बाराने गुणा, तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात शक्यतो खोदकाम नको. म्हणजे साठ सेंटिमीटर जाडीच्या झाडाला ७.२ मीटर. आपल्या सिमेंट रस्त्यांवर एवढी जागा कोणीच सोडणार नाही, मलाही ते कळते. पण राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. तेवढे तरी? एका बाजूने रस्ता आणि दुसऱ्या बाजूने गटार खोदून मुळे तोडल्यावर गुलमोहर उभा राहतो, याचेच नवल. त्या जखमांतून कूज शिरते. पावसाळ्यात बुंध्याशी तपकिरी, कडेला पांढरी, लाकडासारखी कडक बुरशी दिसली, तर ते झाड जाणकाराकडून तपासून घ्यायला हवे. शेजारचे निरोगी झाड मात्र राहू द्या.

२०२१ च्या दुरुस्तीने आपल्या राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात ५० वर्षे आणि त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज’ दर्जा मिळाला. झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी झाडे लावायची, अशीही तरतूद आली. हेतू उत्तम. पण वय सांगणार कोण? सागाची वर्षवलये स्पष्ट असतात. वडाची, कडुनिंबाची तशी भरवशाची नसतात. गटाराकाठचे झाड भराभर जाड होते, मुरमावरचे तसेच बारीक राहते. नुसत्या टेपने घेर मोजून वय लिहिणे म्हणजे अंदाजपंचेच.

या शहरात संत्र्यासाठी राष्ट्रीय संस्था आहे, कापसासाठी आहे, माती सर्वेक्षणासाठी आहे, महाराजबागेजवळ जुने कृषी महाविद्यालय आहे. रस्त्यावरच्या झाडावर चढून करवत चालवणाऱ्याला महिनाभर शिकवण्याइतकी विद्या इथे सहज जमेल. ब्रिटनमध्येसुद्धा माझा डिप्लोमा असला म्हणून मला करवत घेऊन झाडावर चढू देत नाहीत, त्याची प्रमाणपत्रे वेगळी आणि प्रत्यक्ष काम तपासून मिळतात. नागपूरला माझ्यासारख्या एका पदविकाधारक बाईपेक्षा नीट काप घेणाऱ्या पंचवीस माणसांची गरज जास्त आहे, हे मी अभ्यासाची फी भरूनही म्हणते.

म्हणून मागणी एवढीच. आयटीआयमध्ये किंवा कृषी महाविद्यालयात मराठीतून छोटा अभ्यासक्रम सुरू करावा: दोर, हार्नेस, करवत, तीन काप, विजेच्या तारेपासूनचे अंतर. छाटणीच्या परवानगीवर कोणती फांदी, कुठे आणि का, हे लिहिलेले असावे. कंत्राटात पैसे ट्रॉलीवर नव्हे, झाडावर ठरावेत, आणि प्रमाणपत्र असलेल्यालाच काम मिळावे. तोवर रविवारी सकाळी कोणी ठेकेदार आपली माणसे पाठवायला तयार असेल, तर फुकट शिकवायची माझी तयारी आहे. दोर माझे, हेल्मेट मात्र त्याने द्यावीत.

– काटोलची एक बागायतदार-कन्या, त्रिमूर्तीनगर, नागपूर