परतीची शेवटची एसटी विचारणाऱ्या संपादकांना

आदरणीय संपादक सर,

स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण स्वतःचं कौतुक एकट्यानं वाचायला मिळालं की तुम्ही ते खणात टाकून मोकळे होणार, हे एव्हाना कळलंय. म्हणून चारचौघांत लिहिते. ज्यांना थोडं टोचायला हवं त्यांच्याही कानावर जाईल, हा दुसरा फायदा.

मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या एका गावात सार्वजनिक वाचनालय सांभाळते. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्यातून आलेल्या अ, ब, क, ड या वर्गांत आम्ही 'ड'मध्ये. अनुदान दोन हप्त्यांत येतं आणि दुसरा हप्ता पडेपर्यंत पेपरवाल्याची उधारी चालू असते. चालायचंच. पुण्या-मुंबईकडच्या लेखी आम्ही कुठल्या पायरीवर बसतो हे ध्यानात यावं, एवढ्यापुरतं सांगितलं.

तुमच्या अंकाची शेवटची चार पानं आमच्याकडे सगळ्यात आधी उघडली जातात. या महिन्यात कुठल्या वर्तमानपत्रात काय वाचण्याजोगं आलं, कुठल्या नियतकालिकात कोणती कथा चुकवू नये, कुठे काय ऐकायला-पाहायला आहे. त्यात तुमच्या स्वतःच्या अंकाची जाहिरात मी कधी पाहिली नाही. उलट दिवाळीत दुसऱ्यांच्या अंकांतलं चांगलं तुम्ही आधी सांगता. 1909 साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तेव्हापासून किती संपादकांनी शेजारच्या अंकाला असं मोकळेपणी बरं म्हटलं असेल, कुणी शोधून काढावं. कन्नडमधल्या बानू मुश्ताक यांना 2025 चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तेव्हा कित्येक बातम्यांत अनुवादक दीपा भास्ती यांचं नाव तिसऱ्या परिच्छेदात होतं, काहींत तर नव्हतंच. तो पुरस्कार दोघींत निम्मा निम्मा वाटला जातो. तुमच्या पानावर दोन्ही नावं एका ओळीत, एकाच टायपात होती. आमच्या वाचनालयात हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण माझ्या लक्षात राहिलं.

मार्च 2024 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं महाराष्ट्रातल्या साखरेवर एक मोठा वृत्तांत छापला. मेघा राजगोपालन आणि कादरी इंजमाम यांनी लिहिलेला. उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, कर्जात अडकलेली जोडपी, उसाच्या फडात काम करणाऱ्या बायका, त्यांच्या काढलेल्या गर्भपिशव्या. लिहिलेलं आमच्याबद्दल, छापलेलं सातासमुद्रापार, आणि आमच्या तालुक्यात त्याची एक ओळ पोचली नव्हती. पोचली ती तुमच्या पानावर, साध्या मराठी सारांशातून. आणि तुम्ही परदेशी पेपरनं दखल घेतली म्हणून टाळ्या वाजवल्या नाहीत. खाली लिहिलंत की राधेश्याम जाधव यांनी 'बिझनेसलाइन'मध्ये हे 2019 सालीच मांडलं होतं. त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली होती. ज्यानं आधी पायपीट केली त्याचं नाव आधी घ्यायचं, एवढी साधी रीत. ती पाळणारे किती आहेत, हे तुमच्या व्यवसायातल्या माणसाला मी काय सांगावं!

तो सारांश मी वाचनालयात एकदा मोठ्यानं वाचला. ऐकायला तिघीच होत्या. एक म्हणाली, "सगळ्याजणींत वाचा की." ऊसतोडीच्या टोळ्या फडावर असताना गावात ऐकायला म्हातारीकोतारी आणि शाळेतली पोरं, एवढंच उरतं. 2024-25 चा हंगाम लवकर आटोपला, एप्रिलात माणसं घरी होती. तेव्हा ठरवलं की शाळेच्या पटांगणात जाहीर अभिवाचन करायचं आणि आसपासच्या वाड्यातांड्यांवरच्या बायकांना बोलवायचं.

आता थोडं टोचून घेते. कार्यक्रमाची माहिती मी एका मोठ्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात दिली. "ताई, बातमी होईल, सोबत शुभेच्छांची जाहिरात काय देताय?" असं विचारलं गेलं. जाहिरात दिली नाही. आमची बातमी यायची त्या दिवशी त्या जागेवर एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता, फोटोसकट. एका नामांकित नियतकालिकानं उत्तर तरी धाडलं: उपक्रम स्तुत्य आहे, मात्र आमचा वाचकवर्ग प्रामुख्यानं शहरी असल्यामुळे वगैरे. त्या नियतकालिकाचे अंक आम्ही वर्गणी भरून घेतो. मग ते अंक वाचणारे आम्ही कोण, हा प्रश्न मी परत पाठवला. त्याला उत्तर नाही.

त्याआधी एका साहित्यिकांना व्याख्यानाला बोलावलं होतं, त्यांचीही आठवण निघते. गाडी एसीच लागते म्हणाले, ती केली. उशिरा आले आणि खेड्यापाड्यांतली वाचनसंस्कृती कशी आटत चालली आहे यावर पाऊण तास बोलले. वाचनालय व्यासपीठाच्या मागच्याच खोलीत होतं, दार उघडं होतं. तिकडे मान वळवली नाही. शाल-श्रीफळ घेतलं आणि अंबाजोगाईला चहा प्यायला उतरले, कारण आमचा चहा फार गोड होता.

तेव्हा तुम्हाला लिहिताना मी काही आशा धरून बसले नव्हते. पोस्टकार्डावर तारीख, वार, ठिकाण, वेळ आणि माझा नंबर एवढंच लिहिलं होतं.

तुमचा फोन आला तेव्हा मी नव्या पुस्तकांना दाखल नंबर घालत होते. तुम्ही नाव सांगितलंत आणि लगेच विचारलंत, "किती वाजता संपेल?" म्हटलं, सव्वासहा-साडेसहा. "परतीची शेवटची एसटी?" धारूरकडे पावणेसातला. तुम्ही जरा थांबलात. "मग सहाला संपवा. पाच मिनिटं आधी गाडी निघून जाणं काही नवीन नाही. आणि बायकांना घरून निघतानाच सांगावं लागतं, किती वाजता परत येणार." मग विचारलंत, फाट्यापासून शाळा किती लांब, चालत येण्यासारखी आहे का. ठेवायच्या आधी गावाच्या नावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, तेही पक्कं करून घेतलंत.

एवढाच फोन. पाहुणे कोण, उद्घाटन कुणाच्या हस्ते, प्रायोजक कोण, यातलं काहीही विचारलं नाहीत.

मग अंक आला. 'कुठे काय'च्या पानावर मुंबईतलं एक चित्रप्रदर्शन, त्याखाली पुण्यातली एक मैफल, आणि त्याखाली आम्ही. त्याच आकाराची अक्षरं, तेवढीच जागा. ओळ अशी: "अभिवाचन, दुपारी साडेचार. फाट्यापासून शाळा दहा मिनिटं चालत. कार्यक्रम सहाला संपेल. धारूरकडे शेवटची एसटी 6.45."

सर, ती शेवटची अर्धी ओळ मी कितीतरी वेळ वाचत राहिले. सांस्कृतिक कार्यक्रमांच्या यादीत एसटीची वेळ मी जन्मात पाहिली नव्हती. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव असतो, 1953 पासून चालू आहे, त्याची माहिती कुठेही मिळते. सांगलीला 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनी विष्णुदास भावे पदक दिलं जातं, त्याची बातमी दुसऱ्या दिवशी येते. आमच्या जवळ अंबाजोगाईला नोव्हेंबरअखेर यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो, गाणं असतं, कविसंमेलन असतं. पण आमच्या बायकांना यातलं काही ऐकायचं असेल तर पहिला प्रश्न कलाकार कोण हा नसतोच. रात्री घरी कशानं यायचं, हा असतो. तो सुटला नाही की बाकीची माहिती गरजेची राहत नाही. तुम्ही ती वेळ छापलीत म्हणजे कुणीतरी खरोखर उठून येईल, बसेल, ऐकेल आणि परत जाईल, असं धरून चाललात. आमची दखल घेणारे अधूनमधून भेटतात. आम्ही येणार हे गृहीत धरणारे तुम्ही पहिले.

आणि आल्या. दोन तांड्यांवरून आल्या, एका वस्तीवरून सासू-सुना जोडीनं आल्या. अंबाजोगाईहून एक निवृत्त शिक्षक ते पान घडी करून खिशात घालून आले होते, फाट्यावर उतरून दहा मिनिटं चालत. घड्याळ बघून म्हणाले, "नऊच लागली." वाचन चालू असताना खाड्याचा परिच्छेद आला. पाळीच्या दिवसांत काम चुकलं की मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, खाडा धरतो, पैसे कापतो, आणि मग पिशवीच काढून टाकली की कटकट मिटली असं बाईला कुणीतरी पटवतं. तिथे पटांगण गप्प झालं नाही, उलट बोलायला लागलं. कुणी खाड्याचा आकडा सांगत होती, कुणी दवाखान्याचं बिल. एकीनं पदर खोचून सरळ विचारलं, "आमच्या पिशवीचं एवढं लांब कळलं, मग इथं कुणाला कसं कळंना?" मला वाचन दोनदा थांबवावं लागलं. सहाला मात्र संपवलं, तुमच्या शब्दाप्रमाणे. एसटी सहा चाळीसलाच आली होती!

मराठीत तुमच्यासारखे संपादक आधी झाले नाहीत असं नाही. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' किती वर्षं चालवलं, मेळावे भरवले, लिहू पाहणाऱ्या पोरांना एकमेकांसमोर बसवलं. श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस'नं 1961 पासून तरुणांना हिंडून, डोळ्यांनी बघून लिहायला लावलं. या माणसांकडे पैसा बेताचाच होता. पण समोरचा आपल्याइतकाच माणूस आहे आणि त्याचा वेळ आपल्या वेळाइतकाच मोलाचा आहे, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. चांगुलपणा म्हटलं की लोकांना देणगी आठवते, सत्कार आठवतो. मला आता फाट्यापासूनचं अंतर विचारणारा माणूस आठवतो. असा एखादा आमच्या पंचायत समितीत असता, एखादा तालुक्याच्या दवाखान्यात असता, तर तो 13,861 चा आकडा कदाचित एवढा झालाच नसता. जास्त बोलले असेन, पण खोडत नाही.

आता कामाचं. तुमच्या सारांशात दोन गोष्टी राहिल्या, असं बायकांचं म्हणणं आहे, आणि ते तुमच्यापर्यंत पोचवायचं मी कबूल केलंय. पहिली: फडावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहताना अंघोळीला आडोसा नसतो, त्यामुळे उजाडायच्या आधी उरकावं लागतं, आणि पाण्याला लांब जावं लागतं ते वेगळंच. दुसरी: मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल नवऱ्याच्या नावावर पडते, फेडायला मात्र दोघं राबतात. बाईची मजुरी वेगळी लिहिलेली त्यांच्यापैकी कुणीही पाहिलेली नाही. पुढच्या अंकात जागा असेल तर छापा. नावं घालू नका, मुकादम वाचत नाही पण त्याचा पोरगा वाचतो.

आणि तो सारांश आलेल्या अंकाच्या जादा प्रती शिल्लक असतील तर दहा-बारा पाठवा. काही जणींना फडावर सोबत न्यायच्या आहेत, तिथे दुसऱ्या तालुक्यांतल्या टोळ्या भेटतात. रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर 2024 पासून बंद झालंय, त्यामुळे टपालखर्च जास्त येईल. तो अंकाच्या किमतीत धरून सांगा, मी लगेच पाठवते, फुकट नको. फक्त दसऱ्याच्या आत मिळतील असं बघा. त्यानंतर टोळ्या हलायला लागतात.

कळावे,
आपली,
एक ग्रंथपाल, 'ड' वर्ग