झेंड्यामागे फिरून काय पाहिलं

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक लिहिलं की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून हे निवांत बसून लिहितेय. आमच्या प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्टच्या ग्रुप टूरवरून परवा फोनवर म्हणालास, "आई, झेंड्यामागे मेंढरांसारखं फिरून काय दिसणार? आम्ही आमचं आमचं जाऊ." जा की! पण तिकिटं काढायच्या आधी हे वाच.

तक्रारी आधी उरकून टाकते. पहाटे फोन वाजणार, बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या, नाश्त्याला धावायचं. मग कुठेतरी "फोटो स्टॉप" म्हणून उतरवणार आणि जरा श्वास घेतो न घेतो तोच टूर मॅनेजरचा झेंडा वर. व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात तर पुढच्या माणसाची पाठ आणि छताची झुंबरं एवढंच पाहिलं. चौदाशेहून जास्त खोल्या आहेत म्हणे, मला तेराव्या-चौदाव्या खोलीतच राजेशाहीचा कंटाळा आला. सहा वर्षांच्या मोत्सार्टने 1762 साली तिथे राणी मारिया थेरेसापुढे वाजवलं होतं, तेवढं लक्षात राहिलं.

बाबांना मात्र सगळ्यात आवडला तो आमचा कोचचा ड्रायव्हर. सलग साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं विश्रांती घ्यायचीच, असा तिकडचा कायदा. टॅकोग्राफ नावाचं यंत्र सगळी नोंद ठेवतं. प्रागहून व्हिएन्नाला जाताना ग्रुपमधले एक काका "अहो, आता थोडंसंच राहिलंय, दामटा" म्हणून मागे लागले. ड्रायव्हरने शांतपणे यंत्राकडे बोट दाखवलं, चावी काढली आणि डबा उघडला. अख्खा जन्म एसटीच्या डेपोत गेलेल्या माणसाला याचं केवढं अप्रूप! संध्याकाळपर्यंत दुसरा विषय नव्हता.

आता मुद्द्याचं. प्रत्येक शहरात आमच्या टूर मॅनेजरशिवाय तिथला स्थानिक गाईड असायचा. व्हिएन्नात तर परवान्याशिवाय हे काम करताच येत नाही. कानात ते छोटं यंत्र घालायचं आणि चालत राहायचं. गर्दीत तो पन्नास पावलं पुढे गेला तरी आवाज कानाशीच. ही माणसं नसती, तर मी सगळीकडे "काय सुंदर इमारती आहेत नाही!" एवढंच म्हणून परत आले असते.

प्रागच्या जुन्या चौकात सगळे घड्याळापाशी गर्दी करतात. 1410 सालचं ते खगोलीय घड्याळ अजून चालतं. तासाला सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, सरकतात, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभरात खेळ खलास, आणि लोक "झालं एवढंच?" असं तोंड करून पांगतात. आमच्या गाईडबाईंनी सांगितलं, की मे 1945 मध्ये जर्मनांच्या माऱ्यात ते जळालं होतं. आता दिसतात ते प्रेषित युद्धानंतर नव्याने कोरलेत.

मग त्यांनी आम्हाला घड्याळाकडे पाठ करायला लावली आणि म्हणाल्या, खाली बघा. फरसबंदीत पांढरे क्रूस बसवलेत, सत्तावीस. 1620 मध्ये व्हाइट माउंटनच्या लढाईत बोहेमियाचे, म्हणजे या चेक मुलखाचे, बंडखोर ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या सम्राटापुढे हरले. पुढच्या वर्षी, 21 जून 1621 ला, त्यांच्या सत्तावीस पुढाऱ्यांना इथे मारलं. त्यात यान येसेनियस म्हणून विद्यापीठाचा रेक्टर होता. याच शहरात 1600 साली जाहीर शवविच्छेदन करून दाखवलेला डॉक्टर. त्याची आधी जीभ कापली, मग शिरच्छेद. बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या बुरुजावर टांगली, ती दहा वर्षं तशीच होती. आणि आपण त्याच बुरुजाखालून आइस्क्रीम खात जातो! आमच्यातल्या निम्म्या लोकांचे पाय त्या क्रुसांवरच होते. बाईंनी सांगितल्यावर सगळे एकदम बाजूला झाले, देवळात चुकून चपला घालून गेल्यासारखे.

त्याच बाई पुढे वेन्सेस्लास चौकात थांबल्या आणि पर्समधून घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढून खुळखुळ वाजवू लागल्या. मला वाटलं, काही हरवलं की काय. 1989 च्या नोव्हेंबरात त्या कॉलेजात होत्या. लाखो लोक या चौकात उभे राहून असेच किल्ल्या वाजवत होते, कम्युनिस्ट सरकारला सांगत होते, वेळ झाली, आता निघा. बाई हसत होत्या, पण हात जरा जोरातच हलत होता. हे तुझ्या फोनमधल्या ऑडिओ गाईडने करून दाखवलं असतं का, सांग.

व्हिएन्नाला सेंट स्टीफनच्या कॅथेड्रलमध्ये पुमेरिन नावाची वीस टनांची घंटा आहे. 1683 साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, पोलंडचा राजा सोबिएस्की मदतीला आला आणि तुर्क तोफा टाकून पळाले. त्या तोफा वितळवून 1711 मध्ये ही घंटा ओतली. एप्रिल 1945 च्या आगीत ती कोसळून फुटली, तर त्याच धातूची पुन्हा ओतून 1952 मध्ये वाजतगाजत आणली. मला लगेच मेणवलीच्या घाटावरची घंटा आठवली. तुझ्या शाळेच्या सहलीचा तिच्याखालचा फोटो आहे बघ. वसईच्या स्वारीनंतर चिमाजी अप्पांच्या फौजेने आणलेल्या पोर्तुगीज घंटांतलीच ती. तोफेची घंटा झाली तिकडे, चर्चची घंटा देवळात आली इकडे. बाबांनी तर गाईडला थांबवून ऐकवलं, की त्याच 1683 च्या अखेरीला आमचे संभाजी महाराज गोव्यात पोर्तुगीजांशी लढत होते. गाईडने नाव दोनदा विचारून वहीत लिहून घेतलं. बाबा तेव्हापासून दोन इंच उंच झालेत.

बुडापेस्ट दिसायला तिघांत उजवं. रात्री डॅन्यूबमधून पार्लमेंट बघताना बोटीतले सगळे गप्प झाले, अगदी अंताक्षरीवालेसुद्धा. पण माझ्या मनात राहिले ते पार्लमेंटच्या जवळच नदीकाठावरचे लोखंडी बूट. साठ जोड आहेत, 2005 मध्ये बसवलेले. 1944-45 च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्टांनी ज्यूंना काठावर उभं करून गोळ्या घातल्या. त्याआधी बूट काढायला लावायचे, कारण बुटांना किंमत होती. माणसं पाण्यात, बूट काठावर. टाचा झिजलेले, नाड्या सुटलेले बूट अगदी खरे वाटावेत असे केलेत, आणि मध्येच एक लहान मुलाचा जोड. त्यात कुणीतरी टॉफी ठेवली होती. जर्मनांनी केलं असं न म्हणता "हे आमच्याच लोकांनी केलं" असं तो तरुण गाईड स्वच्छ म्हणाला. मला त्याचं फार वाटलं. आपल्याकडे गडावरचा गाईड विजय रंगवून सांगतो, आणि पराभव आला की पुढच्या बुरुजाकडे चला म्हणतो.

तेव्हा तुम्ही दोघं स्वतःचं स्वतः जरूर जा. तुमचे गुडघे धड आहेत, भाषेची भीती नाही. पण प्रत्येक शहरातली पहिली सकाळ पायी फिरवणाऱ्या स्थानिक गाईडसाठी ठेवा, पैसे जातील ते जाऊ देत. आणि सायलीला सांग, टाचेचे बूट अजिबात नकोत, त्या दगडी गल्ल्यांत पाय मुरगळायला वेळ लागत नाही. तीन शहरांच्या जागी दोनच केलीत तरी चालेल. शॉनब्रुनला आत जाऊच नका, मागची बाग फुकट आहे.

बाबांचे फोटो पेनड्राइव्हवर घातलेत. त्यातले निम्मे जेवणाच्या ताटांचे आहेत आणि बरेचसे ड्रायव्हरचे. रविवारी जेवायलाच या दोघं, तेव्हा घेऊन जा.

तुझी,
आई