दहा दिवसांचा नियम, आणि तुम्ही सांगितलात सहा दिवस आधी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : युगांडा सहलीसाठी लागणाऱ्या यलो फीवर लशीची माहिती वेळेत न दिल्याबाबत, आणि कापून घेतलेली संपूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

बविंडीच्या जंगलातले गोरिला एकदा डोळ्यांनी पाहायचे, ही माझ्या आईची फार जुनी इच्छा. तिचे वय आता ६६. तिच्यासाठी, माझ्यासाठी आणि धाकट्या भावासाठी मी तुमच्याकडे निघण्याच्या चार महिने आधी नोंदणी केली. पहिला हप्ता भरतानाच विचारले होते, "लशी वगैरे घ्याव्या लागतात का?" तुमच्या प्रतिनिधींनी सांगितले, "विशेष काही नाही, डासांचे मलम जवळ ठेवा." त्यानंतर निघायला सहा दिवस उरले असताना तुमचा ईमेल आला, की यलो फीवर या डासांमुळे पसरणाऱ्या रोगाची लस घेतल्याचे पिवळे कार्ड सोबत असणे बंधनकारक आहे.

एक वर्षावरील प्रत्येक प्रवाशाकडून युगांडा हे प्रमाणपत्र मागतो. ते लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. हा नियम काही काल निघालेला नाही. कोणत्या देशात कोणती लस लागते, याची यादी जागतिक आरोग्य संघटना प्रसिद्ध करते. युगांडाची सहल विकणाऱ्या कंपनीला ती ठाऊक नसेल, तर आम्ही विसंबायचे कोणावर?

मी लगेच फोन केला. पलीकडून उत्तर आले, "दहा दिवसांचे एवढे काय घेऊन बसलात, डॉक्टरांकडून मागची तारीख घालून आणा." या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. रक्कम गेल्याचे दुःख आहेच, पण त्या वाक्याने मी हादरून गेले. दहा दिवस हे कुण्या कारकुनाने ठरवलेले नाहीत. लशीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूला ओळखून शरीर प्रतिकारशक्ती उभी करते, त्याला तेवढा वेळ लागतो. मागची तारीख घातल्याने विमानतळावरचा अधिकारी फसेल, डास फसणार नाही. यलो फीवरवर नेमके औषध नाही. ज्यांचा आजार बळावून कावीळ आणि रक्तस्रावापर्यंत जातो, त्यांच्यातले जवळपास निम्मे रुग्ण दगावतात. तुमच्या कंपनीतर्फे बोलणारी व्यक्ती ६६ वर्षांच्या बाईला खोट्या कागदावर तिथे पाठवायला तयार होती.

आणि माझ्या आईला ही लस घेताच येत नाही. संधिवातासाठी ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेते, आणि ही लस जिवंत विषाणूची आहे. शिवाय साठी उलटलेल्यांनी पहिल्यांदाच ही लस घेतली, तर क्वचित होणाऱ्या गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. हे मला डॉक्टरांकडे गेल्यावर कळले. लस न घेण्याच्या वैद्यकीय सवलतीचे पत्र देता येते, पण ते मान्य करायचे की नाही हे त्या देशाच्या हातात असते, आणि पत्राने डासापासून संरक्षण मिळत नाही. डॉक्टरांनी तिला जाऊ नका म्हणून स्पष्ट सांगितले. तुमच्या नोंदणी अर्जात आहाराची आवड विचारली आहे, खिडकीची जागा हवी का तेही विचारले आहे. चालू असलेल्या औषधांचा रकाना मात्र नाही. तो असता, तर चार महिन्यांपूर्वीच आम्ही दुसरा देश निवडला असता.

भावाची गोष्ट वेगळी. त्याने कामानिमित्त २०१२ मध्ये लस घेतली होती. दहा वर्षे उलटली, पुन्हा टोचून घ्या, असे त्याला तुमच्याकडून सांगण्यात आले. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते, जुनी कार्डेसुद्धा. डॉक्टरांनी त्याला लस न देताच परत पाठवले. तो एकटा जाऊ शकला असता, पण ही सहल आईची होती. आम्ही तिघांनीही ती रद्द केली.

ईमेलसोबत आलेल्या तुमच्या माहितीपत्रकाबद्दलही लिहिते, कारण ते इतरांच्याही हाती पडत असेल. "यलो फीवरची लस घेतल्यावर डासांची चिंता नको", असे त्यात छापले आहे. ही लस एकाच रोगापासून वाचवते. युगांडात वर्षभर मलेरिया असतो, तोही बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, जो वेळेत उपचार न झाल्यास जीव घेतो. प्रवाशांसाठी मलेरियाची लस नाही. ज्या दोन लशी आल्या आहेत, त्या मलेरियाग्रस्त भागात राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहेत. प्रवाशाने गोळ्या घ्यायच्या असतात. मेफ्लोक्विन निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे सुरू करावी लागते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल एक-दोन दिवस आधी सुरू केली तरी चालते, पण परतल्यावर ७ दिवस चालू ठेवावी लागते. कोणाला कोणती गोळी चालेल, हे डॉक्टरच ठरवतात. पत्रकात गोळ्यांचा उल्लेखही नाही.

"खोल्यांत मच्छरदाणी आहे", हे वाक्य मात्र ठळक अक्षरांत आहे. मच्छरदाणी हवीच, कारण मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. पण डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस दिवसा चावतो, प्रवासी फिरायला बाहेर असतात तेव्हाच. पूर्ण बाह्यांचे कपडे, डीट हे डासांना दूर ठेवणारे रसायन असलेले मलम, आधी सनस्क्रीन आणि मग मलम, एवढे दोन ओळींत छापता आले असते. परतल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही ताप आला, तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल आवर्जून सांगून त्याच दिवशी रक्त तपासायचे, हेही कुठेच नाही.

आमचे पैसे कापताना तुम्ही कारण दिले आहे, "प्रवाशाकडून कागदपत्रांची पूर्तता नाही." हे कारण मला मान्य नाही. पूर्तता करायला लागणारा वेळ तुम्ही आमच्या हातात ठेवला नाही.

तरी तिघांची कापलेली संपूर्ण रक्कम परत करावी. मागची तारीख घालण्याच्या सल्ल्याबद्दल माझ्या आईची लेखी माफी मागावी. माहितीपत्रक प्रवासी आरोग्याच्या जाणकार डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, आणि लशींची माहिती नोंदणीच्याच दिवशी लेखी द्यावी. प्रवाशाला निघण्याच्या किमान चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटता आले पाहिजे. या सहलीच्या पुढच्या तुकड्यांतल्या प्रवाशांना तर आजच कळवा, त्यांच्याकडे कदाचित अजून वेळ असेल.

नोंदणीची पावती, तुमचा ईमेल, माहितीपत्रक, डॉक्टरांचे पत्र आणि भावाच्या कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक न्यायालयात तक्रार दाखल करेन.

आपली,
एक ग्राहक