वैराटच्या पायथ्याशी बृहन्नडा परकी कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या वाचनावर लेख आला होता. त्यात जाड अंगाच्या, समलिंगी आणि ट्रान्स (जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही अशा) सुपरहिरोंच्या किशोरकथांचा उल्लेख होता. पुढच्याच आठवड्यात एका वाचकांनी पत्रातून विचारलं, हे परदेशी खूळ खेड्यातल्या मुलांच्या माथी कशाला मारता? अचलपूर तालुक्यातल्या एका गावात मी गेली २२ वर्षं 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय सांभाळते. ते पत्र माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या नावाने लिहिलेलं होतं, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

आमच्याकडे नववीतली एक मुलगी येते. अंगाने चांगली भरलेली. गावात तिला नावाने हाक मारणारे थोडे, 'ढोली' आणि 'पोतं' म्हणणारेच जास्त. गॅदरिंगच्या नाचात ती दर वर्षी मागच्या ओळीत, नाही तर पडदा ओढायला. या उन्हाळ्यात तिच्या पुण्याच्या मावसबहिणीने फोनवर फेथ हर्बर्ट या नायिकेच्या कॉमिकची काही पानं पाठवली. फेथ १९९२ पासून कॉमिकमध्ये आहे, २०१६ मध्ये तिची स्वतःची मालिका निघाली. ती जाड आहे आणि तिला उडता येतं. लोकांना वाचवते, नोकरी करते, प्रेमात पडते. मुलीला इंग्रजी जेमतेम, म्हणून मीच अर्थ सांगत बसले. मध्येच तिने विचारलं, "काकू, हे शेवटी बारीक होते काय?" मी म्हटलं, नाही. "अशीच रायते? अन् तरी उडते?" मग ती फोन घेऊन खिडकीशी जाऊन बसली, ती कुलूप लावायची वेळ झाली तेव्हाच उठली.

तिने तो प्रश्न का विचारला हे मला लगेच कळलं. आपल्या सिनेमांत आणि मालिकांत जाड मुलगी बहुधा हसवायला असते, नाही तर शेवटी बारीक होऊन सगळ्यांना थक्क करायला. तिसरंही काही असू शकतं, हे त्या पोरीने तोवर पाहिलंच नव्हतं.

आता परदेशी खुळाबद्दल. पत्रलेखकांना माझी विनंती आहे, एकदा परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला या. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकलं ती कीचकदरा, तिचंच चिखलदरा झालं, असं इथे सांगतात. हात धुतले ते भीमकुंड. वर वैराटचं शिखर. विराटाचा मत्स्यदेश अभ्यासक राजस्थानात दाखवतात, ते मला माहीत आहे. पण मेळघाटच्या पायथ्याशी वाढलेल्या आम्हा सगळ्यांसाठी विराटनगरी इथलीच आहे.

त्या नगरीत अज्ञातवासाच्या वर्षात कोण राहत होतं? पोटावरूनच ज्याला 'वृकोदर' नाव पडलं तो भीम, मुदपाकखान्यात बल्लव म्हणून. आणि उर्वशीच्या शापाने अर्जुनाची झालेली बृहन्नडा, वेणी घालून, बांगड्या भरून, राजकन्या उत्तरेला नाच-गाणं शिकवणारी. शस्त्रं शमीच्या झाडावर लपवलेली. कौरव गाई पळवायला आले तेव्हा बढाया मारणारा राजपुत्र उत्तर रथातून उडी टाकून पळाला. त्याला धरून आणलं बृहन्नडेने. निघण्याआधी कवच चढवताना राजवाड्यातल्या पोरी तिला हसल्या होत्या. तिने शमीवरून गांडीव उतरवायला लावलं आणि भीष्म, द्रोण, कर्ण यांना एकटीने परतवलं. लपवलेली ओळख, वेगळा पेहराव, वेळ आली की उघड होणारी ताकद. सुपरहिरोच्या गोष्टीत याहून वेगळं काय असतं?

आमच्याकडचा विराटपर्वाचा खंड बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाने एकाच वर्षात चार वेळा नेला होता. रजिस्टरात नोंदी आहेत. मला वाटलं, याला लढाया आवडतात. शाळेत त्याला 'बायल्या' म्हणत, एसटी स्टँडवर पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करत. दहावीनंतर तो गाव सोडून गेला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत वाचनालयात आली ती साडी नेसलेली एक तरुणी. मी ओळखलं नाही. तिने सरळ कपाटापाशी जाऊन तोच खंड काढला. म्हणाली, "काकू, मले लढाई नोती वाचाची. बृहन्नडा कवा येते ते पाहाचं होतं." आणि थोड्या वेळाने, "पन वर्ष सरते अन् अर्जुन परत येते. मंग तिचं नाव कोनीच घेत नाई."

मी इतकी वर्षं महाभारत वाचते, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. बृहन्नडेचं रूप हा शाप आहे आणि तो संपतो. नवं किशोरसाहित्य नेमकं इथे पुढे जातं. एप्रिल डॅनियल्स यांची 'ड्रेडनॉट' ही कादंबरी २०१७ ची. तिच्यातली पंधरा वर्षांची डॅनी मनाने मुलगी आहे, पण ते कुणाला सांगू शकलेली नाही. मरणाऱ्या सुपरहिरोची शक्ती तिच्याकडे येते आणि शरीरही तिला हवं तसं होतं. बाप म्हणतो, उपाय करून पुन्हा मुलगा हो. ती होत नाही. मुलगी म्हणूनच लढते. असं पुस्तक तेव्हा माझ्या कपाटात असतं तर मी त्या मुलाच्या हातात ठेवलं असतं. नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

हे अलीकडचं फॅड आहे असंही पत्रात होतं. अमेरिकेत १९५४ मध्ये कॉमिक प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीने समलैंगिकतेचा नुसता सूचक उल्लेखही बंद केला होता. १९८९ मध्ये तो नियम सैल झाला आणि १९९२ मध्ये मार्व्हल या कॉमिक कंपनीच्या नॉर्थस्टार या सुपरहिरोने आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं. माणसं आधीपासून होती, छापायला बंदी होती. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. वाचून मुलं बिघडतात म्हणावं, तर माझ्याकडची मुलं चिडवण्याने मोडलेली मी पाहिली आहेत, पुस्तकाने मोडलेलं एकही नाही.

माझं मागणं आपल्याकडे आणि मराठी प्रकाशकांकडे आहे. अनुवाद करा, पण तेवढ्यावर थांबू नका. संत्र्याच्या बागेत काम करणारी, कापूस वेचणारी, एसटीने तालुक्याच्या शाळेत जाणारी सुपरहिरो लिहून घ्या. ती जाड असू दे, दुसऱ्या मुलीवर जीव लावणारी असू दे, ट्रान्स असू दे, आणि शेवटच्या पानापर्यंत तशीच राहू दे. आपल्या पुरवणीत अशी एखादी क्रमशः कथा सुरू झाली तर मी ती वाचनालयात मोठ्याने वाचून दाखवीन. आमच्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तोवर मुलं दुपारी इथेच असतात.

विराटपर्वाचा तो खंड मी नव्याने बांधून घेऊन दर्शनी कप्प्यात ठेवला आहे. शेजारची जागा रिकामी आहे.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल
ता. अचलपूर, जि. अमरावती
(मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं व गावाचं नाव छापू नये, ही विनंती.)